फ्रिजमधली किल्ली

छोटी : रजया? सगळ्या?

ताई : सगळ्या नकोत. माईच्या हातच्या त्या जाड दोन मिळाल्या तरी पुरे.

छोटी : पण तुझ्याकडे ती दुकानातली पांघरुणं आहेत ना, पिसांची. मला हातसुद्धा लावू देत नाहीस अशी.

ताई : थंडी वाढली आहे.

छोटी : ताई, मी पंखा लावून बसलेय.

ताई : आमच्या बाजूला वाढली आहे.

छोटी : चार गल्ल्या सोडून राहतेस तू.

ताई : द्यायच्या नसतील तर स्पष्ट सांग. आपली माई गेली, तिचं सामान वाटलं तेव्हा मीच तुला म्हटलं होतं, ही अडगळ तू घेऊन जा. मी हक्क सांगायला आलेली नाही.

छोटी : काचेचं कपाट तू नेलंस, गोल टेबल तू नेलंस, मोठा आरसा तू नेलास. मला रजया, पडदे आणि तो विटलेला गालिचा. मी काही बोलले का तेव्हा?

ताई : आरसा मागितला असतास तर दिला असता.

छोटी : मागितला होता.

ताई : असेल. लक्षात नाही माझ्या. तर रजया देतेस का?

छोटी : दिल्या असत्या गं, पण त्या रिकाम्या नाहीयेत. ये, दाखवते. चप्पल राहू दे, गालिचा आहे खाली. हे बघ.

ताई : हे तर कपड्यांचं कपाट आहे.

छोटी : होतं. कपडे आता पलंगाखाली. मधली फळी काढली, तिन्ही बाजूंना रजया ठोकल्या, वर एक टाकली, दाराला आतून पडदे लावले, दोन पदरी. आत स्टूल. आता आत वाक आणि काहीतरी बोल.

ताई : काय बोलू?

छोटी : बघ ना, इथे कसं वाटतं आणि आत कसं वाटतं. बोल काहीही.

ताई : नमस्कार. ठळक बातम्या… अगंबाई.

छोटी : कळलं?

ताई : आवाज तोंडातून निघाला आणि तिथेच राहिला. परत आलाच नाही.

छोटी : तेच तर पाहिजे. आता ही खरी गंमत बघ, माइक. तोंडासमोर नाही ठेवायचा. असा ओठांच्या जरा बाजूला, तिरका, एक वीत लांब. समोर ठेवला तर प, फ, भ आले की आत फुंकर बसते. आणि ही कढईएवढी रिंग दिसतेय ना, हा माझा मोजा आहे. लांब, पायातला. फुंकर अडवायला ताणून बसवलाय.

ताई : धुतलेला असेल अशी आशा करते.

छोटी : नवा होता. पानं हातात धरायची नाहीत, उशीवर ठेवायची, म्हणजे सळसळत नाहीत. भिंतीवरचं घड्याळ आईंच्या खोलीत. फोन बाहेर. बांगड्या काढायच्या, पंखा बंद, सुती कपडे. आणि वाचायच्या आधी एक आंबट सफरचंद.

ताई : ते कशाला?

छोटी : तोंडात चिकचिक आवाज येत नाही. तू कशी गं विचारतेस हे सगळं? तू वीसेक वर्षं रेडिओवर होतीस.

ताई : आमच्याकडे काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसायचे. आम्ही फक्त वाचायचो. लाल दिवा लागला की सुरू, विझला की उठायचं. भिंतीला काय लावलंय हे कोण बघतंय.

सासूबाई : सूनबाई, झालं का तुझं? मी पाणी घेऊ का गार?

छोटी : अजून सुरूच नाही केलंय आई, घ्या ना.

सासूबाई : नाही, विचारलेलं बरं. अगंबाई, ताई आल्यात होय. बसा ना. हिच्या कपाटात काय डोकावताय? ही दार लावून आत बसते आणि मला बाहेर शिक्षा. खोकायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. आणि फ्रिज बंद.

ताई : फ्रिज बंद का, काकू?

सासूबाई : ते तिला विचारा. मला एवढंच ठाऊक, ही वाचायला बसली की माझं पाणी कोमट. परवा तर आइस्क्रीमचं दूध झालं.

छोटी : ते एकदाच झालं, आई. ताई, या कपाटामागची भिंत स्वयंपाकघराची आहे, आणि पलीकडे बरोबर फ्रिज. तो मधूनमधून घरघरायला लागतो. आपल्याला एरवी जाणवत नाही, पण माइकला सगळं ऐकू जातं. म्हणून वाचायच्या आधी बंद करते. मग उठल्यावर चालू करायला विसरायचे, सगळं नासायचं. त्यावर एक युक्ती केलीय. फ्रिज बंद केला की स्कूटरची किल्ली आत ठेवते, दुधाशेजारी.

ताई : किल्ली? फ्रिजमध्ये?

छोटी : मग बाहेर पडताना किल्ली सापडत नाही, शोधत फ्रिज उघडते, आत अंधार, की लक्षात येतं.

सासूबाई : आमच्या घरात कुठली वस्तू कुठे असेल याचा नेम नाही, ताई. उद्या माझे दात ठेवेल त्यात.

ताई : हुशार आहेस. आणि मला सांग, खोली घुमते म्हणजे नक्की काय घुमतं? फरशी, का छत?

छोटी : फरशी, काचा, मोकळ्या भिंती, जे कडक असेल ते… थांब. काय म्हणालीस?

ताई : काय म्हणाले?

छोटी : खोली घुमते. 'आवाज उत्तम, खोली घुमते, पुन्हा पाठवा.' हे शब्द तुझे नाहीत, ताई. हे त्या पुस्तकवाल्यांचे आहेत. मी हे काम सुरू केलं तेव्हा मला पहिल्या वेळी हेच आलं होतं. दुसऱ्या वेळीही.

ताई : साधे शब्द आहेत. कोणीही वापरेल.

छोटी : तू सॅम्पल पाठवलंस.

सासूबाई : कसलं सॅम्पल?

छोटी : मी सांगितलं नव्हतं का आई, ती मोठी कादंबरी, तीन भागांची. तिचं ऐकायचं पुस्तक करणार आहेत. एकच बाई पूर्ण वाचणार. पहिलं पान घरी रेकॉर्ड करून पाठवायचंय आणि आज संध्याकाळपर्यंतच घेणार आहेत. माझं काल गेलं. ताईला मीच सांगितलं होतं, फोन करून. अगदी नाचत सांगितलं होतं.

ताई : हो. तू सांगितलंस आणि मी त्याच संध्याकाळी त्यांना कळवलं की मलाही वाचायचं आहे.

छोटी : का?

ताई : सहन झालं नाही म्हणून. आणखी काय सांगू. आपल्या घरात आवाज म्हणजे माझा. तुझं म्हणजे पाठांतर विसरणं आणि मध्येच हसणं. मी नोकरीवरून घरी बसले, आता तिथे यंत्र बोलतं, माणूस लागत नाही. मी गप्प बसले, चालेल म्हटलं. आणि तू फोन करून सांगतेस, ताई, मी आवाजाचं काम करते. कपाटात बसून. एक पुस्तक झालं, दुसरं झालं. लोक मला बाजारात थांबवून विचारतात, तुमची धाकटी बहीण वाचते ना? तुमची धाकटी बहीण.

छोटी : मग? मला नाही का विचारलं जन्मभर, तू बातम्यांच्या ताईंची बहीण ना म्हणून? मी कधी तोंड वाकडं केलं?

ताई : तुला सवय होती.

छोटी : वा. सवय होती.

सासूबाई : अहो, भांडू नका. ताई, खरं सांगू? तुमच्या बातम्यांवर आम्ही घड्याळ लावायचो. आमचे हे गेले त्या दिवशीही सकाळी तुमचाच आवाज होता घरात. तो आवाज बंद झाला आणि घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं मला.

ताई : काकू, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

छोटी : मलाही कधी सांगितलं नाहीत, आई. माझं पुस्तक लावून दिलं तर तुम्ही घोरायला लागलात.

सासूबाई : झोप चांगली लागते त्याने. वाईट का म्हणायचं त्याला.

छोटी : ऐकलंस? ही माझी पावती. बरं, तू घरी कुठे बसून वाचलंस?

ताई : आधी दिवाणखान्यात. माईच्या गोल टेबलाशी.

छोटी : आरशासमोर. काचेच्या कपाटाशेजारी. फरशीवर.

ताई : ते परत आल्यावर न्हाणीघरात बसले.

छोटी : न्हाणीघरात?

ताई : हसू नकोस. तिथे गुणगुणलं की किती भरदार वाटतं, म्हणून म्हटलं आवाज तिथेच खुलेल. बादली उलटी घालून बसले. पाऊण पान झालं आणि वरच्यांनी नळ सोडला. मग मोटारीत बसले, काचा लावून. घामाने भिजले, आणि समोरच्यांचा कुत्रा माझ्याकडे बघून भुंकत राहिला. हसू नकोस म्हटलं ना.

छोटी : मी नाही हसत, आई हसतायत.

ताई : मग रजया आठवल्या. म्हटलं, तुझ्याकडे पडूनच असतील.

छोटी : आणि थंडी वाढली.

ताई : हो. थंडी वाढली.

छोटी : एक विचारू? खरं सांग हं. मी हे सुरू केलं तेव्हा तुला विचारलं होतं, माइक कुठे धरू. आठवतंय?

ताई : असेल.

छोटी : तू म्हणालीस, तोंडासमोर धर, सरळ. माझी दोन सॅम्पलं परत आली ती खोलीमुळे तर आलीच, वर लिहिलं होतं, फुंकरीचा त्रास आहे. मला माइक तिरका ठेवायचं शोधून काढायला अख्खा पावसाळा लागला. तुला माहीत नव्हतं का? रेकॉर्डिस्ट सगळं बघायचे, मान्य. पण बसायचं कसं, तोंड कुठे ठेवायचं, हेही नव्हतं सांगितलं कुणी?

ताई : पहिल्या दिवशी तेवढंच शिकवलं होतं.

छोटी : म्हणजे माहीत होतं.

ताई : माहीत होतं.

सासूबाई : बघा बाई. सख्ख्या बहिणी.

छोटी : राहू द्या, आई. ताई, रजया मी काढून देणार नाही. माझं पुढचं काम अडेल. पण तुझं संध्याकाळच्या आत जायचं असेल तर इथे बस. माझ्या कपाटात. मी रेकॉर्ड करून देते.

ताई : तू?

छोटी : हो, मी. मी तुझ्यासारखी नाही.

ताई : टोमणा मारायची काही गरज नव्हती.

छोटी : होती. बस आत. पानं आणलीस?

ताई : पर्समध्ये आहेत.

छोटी : ओट्यावरून आण पर्स. बांगड्या काढ. आई, तुम्हीही आलात ना इथे? मग बसा पलंगावर, पण हलायचं नाही. मी पंखा बंद करते. तो फोन बाहेर ठेव, ताई, नुसता बंद करून चालत नाही. घड्याळ आधीच पलीकडे आहे. सफरचंद खा दोन घास.

ताई : आंबट आहे.

छोटी : असंच पाहिजे. गुडघे आत घे. उशी मांडीवर, पान उशीवर. माइककडे बघायचं नाही, तो आहे हेच विसरायचं. हेडफोन मी घालते. चार शब्द बोल, लेव्हल बघते.

ताई : नमस्कार. आपण ऐकत आहात…

छोटी : बातम्या नको. पुस्तकातलं वाच.

ताई : 'आमच्या घराची एकही खिडकी रस्त्याकडे उघडत नव्हती.' पुरे?

छोटी : जरा मागे हो. तुझा आवाज मोठा आहे. हं. आता दार लावते. आणि ऐक, आधी वाचायचं नाही. आधी नुसतं गप्प बसायचं. खोलीची शांतता घ्यायची असते, थोडी. त्यांना ती लागते. श्वाससुद्धा हळू. आई, तुम्हीही.

(कपाटाचं दार लागतं. बराच वेळ कोणी बोलत नाही.)

ताई : छोटे? झाली का घेऊन शांतता?

छोटी : अं?

ताई : शांतता. झाली का?

छोटी : हो. झाली. म्हणजे…

सासूबाई : अगं, वाचू दे तिला. मध्ये बोलू नकोस.

छोटी : हो. वाच, ताई.

ताई : 'आमच्या घराची एकही खिडकी रस्त्याकडे उघडत नव्हती. कोण आलं, कोण गेलं, हे आम्हाला पावलांवरून कळायचं. आईची पावलं घाईची, आत्याची खरडत येणारी. आणि बाबांची पावलं उंबऱ्यापाशी थांबायची. ती थांबली की आम्ही चारही पोरं श्वास धरून बसायचो, कारण त्या थांबण्यावरून आजचा दिवस कसा जाणार हे ठरायचं…'

सासूबाई : अगंबाई.

छोटी : शू.

ताई : 'मी सगळ्यांत लहान. मला वाटायचं, मोठी झाले की मी या भिंतीला एक खिडकी पाडीन. मोठी झाले तेव्हा घर राहिलं नाही, भिंत राहिली नाही, आणि खिडकी पाडायची मात्र तशीच राहून गेली.' संपलं पान. थांबू?

छोटी : थांब जरा. उठू नकोस. शेवटी थोडं मोकळं सोडायचं असतं. हं. झालं. ये बाहेर.

सासूबाई : ताई, काय वाचलंत हो! माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, त्या बाबांची पावलं आता आमच्याच दारात थांबतायत.

ताई : कसं झालं, छोटे? तू ऐकत होतीस ना कानात?

छोटी : हो.

ताई : एवढंच?

छोटी : छान झालं. मस्त झालं. जाऊ दे, पाठवून टाकू का आत्ताच?

ताई : मीही ऐकून बघू का?

छोटी : मी ऐकलंय ना. तुला स्टुडिओत तरी कुठे ऐकवायचे?

ताई : तेही खरंच. तू म्हणतेस म्हणजे ठीक असणार. पण थांब, पाठवायच्या आधी मला काहीतरी सांगायचं आहे. घसा कोरडा पडलाय, आधी पाणी.

सासूबाई : मी आणते.

ताई : तुझं काल गेलेलं सॅम्पल मी ऐकलंय.

छोटी : माझं? कसं?

ताई : तूच पाठवलं होतंस मला. मी उत्तर दिलं नाही म्हणून तुला वाटलं ऐकलं नाही. बऱ्याचदा ऐकलं.

छोटी : आणि?

ताई : माझ्यापेक्षा चांगलं आहे. ऐकून घे, परत म्हणणार नाही मी. माझ्याकडे आवाज आहे. पण बातम्या वाचून वाचून तो ताठ झालाय, कोण मेलं आणि कोण निवडून आलं हे एकाच सुरात सांगायची सवय आहे त्याला. तू ते पान वाचतेस तेव्हा तू त्या घरात असतेस. ती शेवटची खिडकीची ओळ तू जवळजवळ पुटपुटलीस. मी आत्ता तुझी नक्कल केली तिथे. कळलं असेल तुला.

छोटी : नाही कळलं.

ताई : केली. म्हणून तर काकूंच्या अंगावर काटा आला. तो तुझा काटा आहे. गेले आठ-पंधरा दिवस मी तुझ्यावर जळतेय, छोटे. झोप लागत नाही. आणि तू मला तुझ्या कपाटात बसवलंस, माझ्यासाठी फ्रिज बंद केलास, काकूंना कोमट पाणी प्यायला लावलंस. मला लाज वाटते.

छोटी : ताई, ऐक ना…

सासूबाई : कोमट कशाला? हे घ्या. आज एकदम गारेगार आहे. बर्फसुद्धा झालाय छान, दोन खडे टाकलेत. आज सूनबाईने काही फ्रिजला हात लावला नाही वाटतं. मी म्हटलं, ताई आल्यात म्हणून माझ्यावर दया केली.

ताई : बर्फ.

सासूबाई : हो, का? घशाला चालत नाही का तुमच्या?

ताई : चालतो. काकू, स्कूटरची किल्ली कुठे आहे?

सासूबाई : कुठे असणार, खुंटीला. ही काय समोर. तुम्हाला कुठे जायचंय?

ताई : नाही. कुठे नाही. ते हेडफोन दे, छोटे.

छोटी : ताई.

ताई : दे म्हटलं. आणि पहिल्यापासून लाव.

छोटी : मी सांगणार होते.

ताई : लाव.

सासूबाई : काय झालं काय? मी काय बोलले?

ताई : घरघर आहे. मी बोलायला लागायच्या आधीपासून आहे. शांततेत शांतताच नाहीये.

छोटी : मी मुद्दाम चालू नव्हता ठेवला. आईशप्पथ. तुझ्याशी भांडता भांडता विसरले. पंखा आठवला, घड्याळ आठवलं, फ्रिज तेवढा राहिला.

ताई : आणि कळलं कधी?

छोटी : शांतता घेतानाच. कानात आलं लगेच. म्हटलं, दार उघडावं, सांगावं. तू विचारलंस, झाली का, तेव्हा तोंडावर आलं होतं माझ्या.

ताई : मग?

छोटी : मग आई म्हणाल्या, मध्ये बोलू नकोस, वाचू दे तिला. आणि तू पहिलं वाक्य वाचलंस. तुझा आवाज असा कानात, इतक्या जवळ मी कधी ऐकलाच नव्हता. रेडिओवर ऐकला, ते वेगळं. मी सात वेळा वाचलं ते पान, ताई, आणि तू पहिल्याच वाचनात… आणि आई डोळे पुसतायत. माझ्या पुस्तकाला घोरणाऱ्या आई. मी थांबवायच्या बटणावर ठेवलेलं बोट काढून घेतलं. हे नीट पोचलं तर माझं निवडणार नाहीत, एवढंच आलं मनात. दुसरं काहीच नाही आलं.

ताई : साफ करता येत नाही का ते? तुम्ही लोक काहीतरी करता ना कॉम्प्युटरवर.

छोटी : येतं थोडं. पण पिंपातून बोलल्यासारखं होतं. आणि त्यांनी सांगितलंय, काहीही न करता आहे तसं पाठवा. हे गेलं असतं तर तुझं तिथेच संपलं असतं. या कादंबरीसाठी दुसऱ्यांदा परत आलेल्याला ते तिसरी संधी देणार नाहीत.

ताई : तुला ते ठाऊक होतं.

छोटी : हो. ठाऊक होतं.

सासूबाई : म्हणजे मी पाणी आणलं नसतं तर?

छोटी : तर मी पाठवलं असतं, आई. तेच तर. शेवटपर्यंत मी पाठवलंच असतं. आणि ही माझं कौतुक करत बसली.

ताई : माझं मी बोलले ते खरं होतं.

छोटी : म्हणून तर जास्त लागलं.

ताई : लागू दे. मलाही लागलंय. माइक तोंडासमोर धर म्हणाले तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं, शिकेल आपली आपण. तू स्वतःला काय सांगितलंस आत्ता?

छोटी : की तिला तर आधीच सगळं मिळालंय.

ताई : हं. आरसासुद्धा.

छोटी : आरसासुद्धा.

सासूबाई : तुम्ही दोघी एकमेकींना काय काय म्हणताय ते मला काही कळत नाही. पण बाहेर ऊन उतरायला लागलंय. वाचायचं असेल तर वाचा आणि नसेल तर मी भाजी टाकते, मग ती चुरचुरेल आणि तुमचा माइक रुसेल.

ताई : टाकू नका अजून, काकू. छोटे, परत एकदा घ्यायचं का?

छोटी : तू परत बसशील? माझ्या हातचं?

ताई : दुसरा रेकॉर्डिस्ट कुठून आणू आता. आणि एक आधीच सांगून ठेवते. मला मिळालं तर मी ते सोडणार नाही, तुझ्यासाठी वगैरे. मला हवं आहे ते.

छोटी : मलाही हवंय. तुला मिळालं तर मी तुझ्याशी बोलणार नाही काही दिवस.

ताई : आणि तुला मिळालं तर मी नाही बोलणार.

छोटी : तसंच ठरलं.

ताई : पण शेवटची ओळ मी आता माझी वाचणार आहे. तुझी नको.

छोटी : आई, पाणी भरून घ्या हवं असेल तर. मी बंद करायला चाललेय.

सासूबाई : घेतलंय बाई, तांब्याभर. बर्फही काढून ठेवलाय. मला आता तुमचा भरवसा नाही.

छोटी : बस आत, ताई. बांगड्या अजून काढलेल्याच आहेत ना? सफरचंद राहिलंय अर्धं… झालं. केला बंद. किल्ली ठेवली. जाऊन बघून ये.

ताई : नको.

छोटी : बघून ये गं. माझ्यासाठी म्हणून. आत दिवा लागत नाहीये ना, एवढं डोळ्याने बघ.

ताई : मी बसलेय आता. गुडघे दुखतात माझे उठताना. माझी पर्स दे इकडे.

छोटी : आता पर्स कशाला?

ताई : ही माझ्या मोटारीची किल्ली. तुझ्या किल्लीशेजारी ठेव, दुधाजवळ. आणि दार लावून घे.